दोन पडदे

बंगळूरच्या दक्षिण भागातील जे. पी. नगर ही वसाहत जयप्रकाश नारायण यांचे नाव धारण करीत असली, तरी तिथल्या आडरस्त्यांवरून संध्याकाळी हिंडताना क्रांतीपेक्षा सेवानिवृत्तीचीच आठवण अधिक व्हावी, असे तिचे एकंदर रूप आहे. झाडांच्या सावलीतले पदपथ, फाटकापाशी कुंड्या मांडलेली जुनी घरे आणि त्यांना खांद्यावरून न्याहाळणाऱ्या नव्या उंच इमारती, यांच्यामधून वाट काढीत आपण दुसऱ्या टप्प्यातील एका कोपऱ्याशी येतो, तो दृश्य पालटते. सात वाजून गेलेले असतात. पायऱ्यांवर, कट्ट्यावर, रिक्षांच्या आडोशाला माणसे जमलेली असतात. कुणाच्या हाती कॉफीचा पेला असतो, कुणी उपाहारगृहातला साबुदाणावडा संपण्यापूर्वी पदरात पाडून घेण्याच्या खटपटीत असतो, आणि कानडी, इंग्रजी, तमिळ, हिंदी यांच्या गलबल्यात मधूनच एखादे ठसठशीत पुणेरी वाक्यही कानी पडते. हे ‘रंगशंकर’ नाट्यगृह. कानडी लोक अंत्य अकाराचा पूर्ण उच्चार करतात म्हणून ते त्याला ‘रंगशंकरा’ म्हणतात. मराठी जीभ शंकरावर थांबते, एवढाच भेद.

या गृहाचा एक नियम गावभर प्रसिद्ध आहे. प्रयोग ठरल्या वेळी सुरू होतो, आणि एकदा सुरू झाला, की उशिरा येणाऱ्यास आत प्रवेश नाही. बंगळूरच्या वाहतुकीशी ज्याचा परिचय आहे, त्याला हा नियम जुलमी वाटेल. मला स्वतःला तो अत्यंत न्याय्य वाटतो. एकदा एक मध्यमवयीन गृहस्थ, कपाळावर घाम, हाती तिकीट, अशा अवस्थेत दार लागल्यानंतर दोनच मिनिटांनी तिथे येऊन उभे राहिलेले मी पाहिले. त्यांनी काही वाद घातला नाही. आतून एकदम मोठा हशा ऐकू आला, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर असा काही भाव उमटला, की जणू त्या हशात त्यांच्या वाट्याचा जो अंश होता, तो कुणीतरी परस्पर उचलून नेला आहे. ते थोडा वेळ त्या बंद दाराकडे पाहत राहिले, आणि मग कॉफी घेण्यास गेले.

याच गृहस्थांनी त्या संध्याकाळी चित्रपटाचे तिकीट काढले असते, तर काय झाले असते? ते वीस मिनिटे उशिरा आले असते, अंधारात दहा जणांचे गुडघे ओलांडून आपल्या खुर्चीपर्यंत पोचले असते, शेजाऱ्यास ‘आतापर्यंत काय झाले’ असे विचारून त्याचाही रसभंग केला असता, आणि एवढ्या सगळ्या उपद्व्यापाचा पडद्यावरच्या नायिकेस यत्किंचितही पत्ता लागला नसता. कारण नायिकेने आपली हजेरी कित्येक महिन्यांपूर्वी, कुठल्याशा चित्रनगरीत, कॅमेऱ्यापुढे देऊन टाकलेली असते. आता ती हजेरीपटावरची केवळ सही असते, सही करणारी व्यक्ती नव्हे. नाटकात ही हजेरी दुतर्फा लागते. नट हजर असतो म्हणूनच प्रेक्षकाने हजर असावे लागते, आणि प्रेक्षक हजर आहे की नाही, तो हसतो की खोकतो, त्याचे श्वास रोखले गेले आहेत की तो घड्याळाकडे पाहतो आहे, याची खबर नटास क्षणोक्षणी मिळत असते व त्या खबरीप्रमाणे तो आपले वाक्य अर्ध्या श्वासाने लांबवितो किंवा आखडते घेतो. नाटक आणि चित्रपट यांच्या नात्याविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे, त्यांना सख्खी भावंडे म्हटले गेले, सवती म्हटले गेले, एकीने दुसरीचा घास घेतल्याची फिर्यादही वारंवार गुदरण्यात आली. परंतु माझ्या अल्पमतीस वाटते, की या सगळ्या तंट्याचे मूळ हजेरीच्या या एका कलमात आहे.

आपल्या भाषेनेही इथे मौज करून ठेवली आहे. फारसीतून आलेला ‘पडदा’ हा एकच शब्द आपण दोन्ही ठिकाणी बिनदिक्कत वापरतो. वस्तुतः त्या दोन वस्तूंची कामे परस्परविरुद्ध आहेत. नाटकाचा पडदा झाकण्यासाठी असतो, तो दूर झाल्यावाचून काही दिसत नाही. चित्रपटाचा पडदा दाखविण्यासाठी असतो, तो दूर केला तर मागे भिंतीखेरीज काहीच उरत नाही. तसेच नाटकाचा आपण ‘प्रयोग’ म्हणतो आणि चित्रपटाचा ‘खेळ’. विष्णुदास भाव्यांच्या काळी नाटकासही खेळच म्हणत, ही गोष्ट खरी. पण पुढे भाषेने आपली वाटणी करून घेतली, आणि ज्याचे फळ आज काय येईल ते निश्चित सांगता येत नाही, त्यालाच प्रयोग हे नाव उरले.

भाव्यांचे नाव निघालेच आहे तर कर्नाटकाचे एक जुने देणे कबूल केले पाहिजे. १८४२ साली उत्तर कानड्यातील भागवतांची एक मंडळी सांगलीस आली, तिचे खेळ पाहून सांगलीकर अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांनी आपल्या पदरच्या विष्णुदासांस तशा प्रकारचे काही मराठीत करण्याची आज्ञा केली, आणि १८४३ च्या नोव्हेंबरात ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आले. ती मंडळी होन्नावरजवळच्या कर्की गावची होती असे सांगतात. ज्या माणसाच्या स्मरणार्थ जे. पी. नगरातले हे नाट्यगृह उभे राहिले, तो शंकर नाग त्याच होन्नावरच्या परिसरात १९५४ साली जन्मला. इतिहासाला असे योगायोग घडविण्याची हौस असते. त्यातून फार मोठा सिद्धान्त काढू नये, पण नजरेआडही करू नयेत.

आता चित्रपटाकडे वळू. १८ मे १९१२ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात दादासाहेब तोरणे यांचा ‘श्री पुंडलिक’ दाखविला गेला. तो म्हणजे रंगभूमीवर चालू असलेल्या एका नाटकाचे कॅमेरा एका जागी रोवून घेतलेले चित्रण होते. आणि याच कारणास्तव कित्येक अभ्यासक भारतीय चित्रपटाच्या जनकत्वाचा मान त्यास न देता, पुढील वर्षी, ३ मे १९१३ रोजी, त्याच चित्रगृहात लागलेल्या दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ला देतात. या निवाड्यात एक सूक्ष्म तत्त्व आहे. केवळ फीत फिरली म्हणजे चित्रपट झाला असे नव्हे. कॅमेरा जोवर प्रेक्षागृहातल्या एका खुर्चीवर बसून राहतो, तोवर तो प्रेक्षकच असतो, आणि ज्या क्षणी तो खुर्ची सोडून उठतो, त्या क्षणी तो कथा सांगू लागतो. फाळके उठले खरे, पण नाटकाची सवय त्यांच्याही मागे लागलेली होती. तारामतीच्या भूमिकेस स्त्री मिळेना, तेव्हा साळुंके नावाच्या तरुणास लुगडे नेसविण्यात आले, आणि त्या वेळच्या प्रेक्षकाला त्यात काही वावगे वाटण्याचे कारण नव्हते, कारण रंगभूमीवर तो हेच पाहत आला होता. पुढे ‘मोहिनी भस्मासुर’साठी दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई या दोघी कॅमेऱ्यापुढे आल्या. त्या कमलाबाई गोखले. त्यांचे पुत्र चंद्रकांत गोखले, आणि त्यांचे पुत्र विक्रम गोखले. एकाच घराच्या चार पिढ्या रंगमंच आणि पडदा या दोन्ही ठिकाणी राबल्या. विक्रम गोखले यांच्याकडे आपल्याला पुन्हा यावयाचे आहे.

कॅमेरा खुर्चीवरून उठल्यावर त्याने काय केले, याचा सर्वांत ठळक दाखला मला ‘अमृतमंथन’मध्ये आढळतो. प्रभात कंपनी कोल्हापुराहून पुण्यास आल्यानंतर १९३४ साली व्ही. शांताराम यांनी हे चित्र मराठी व हिंदी अशा दोन भाषांत काढले. त्यातला राजगुरू हिंदीत चंद्रमोहन यांनी केला, मराठीत केशवराव दाते यांनी. आणि त्या राजगुरूचा एक डोळा, केवळ एक डोळा, संपूर्ण पडदाभर मोठा करून दाखविण्यात आला. आजच्या वाचकास यात नवल वाटणार नाही, कारण त्याच्या हातातल्या दूरध्वनीवरही तो रोज असे डोळे पाहतो. परंतु ज्या नटाने आयुष्यभर शेवटच्या रांगेतल्या पिटातल्या माणसाला ऐकू जावे म्हणून आवाज फेकला, दिसावे म्हणून हात पसरले, त्याच्या दृष्टीने ही केवढी उलथापालथ होती, याचा विचार करून पाहा. रंगमंचावर नट आपल्या देहाने प्रेक्षकापर्यंत पोचतो. इथे प्रेक्षकालाच उचलून नटाच्या पापणीपाशी नेऊन बसविण्यात आले. रंगमंचावर काय पाहावे हे प्रेक्षक ठरवितो. नायक बोलत असताना कोपऱ्यातल्या दासीकडे पाहत बसण्याची त्याला पूर्ण मुभा असते. चित्रपटात ही मुभा दिग्दर्शकाने जप्त केलेली असते, आणि तिच्या मोबदल्यात तो आपल्याला डोळ्याच्या कडेला थबकलेले पाणी दाखवितो. हा सौदा फायद्याचा की तोट्याचा, ते ज्याचे त्याने ठरवावे. केशवराव दाते, के. नारायण काळे ही मंडळी ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेतील. १९३३ च्या जुलैत ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणून ज्यांनी रंगविलेले पडदे आणि पुरुषांनी स्त्रीभूमिका करण्याची वहिवाट झुगारली, त्यांपैकी काही जण थोड्याच काळात प्रभातच्या आवारात दिसू लागले. बोलपटाने नाटकमंडळ्या बुडविल्या, ही फिर्याद सर्वस्वी खोटी नाही. तथापि बोलपटाला बोलावयास शिकविले तेही त्याच मंडळ्यांच्या माणसांनी.

बालगंधर्वांची कथा मात्र दुःखद आहे. कर्जाच्या ओझ्याखाली गंधर्व नाटक मंडळीचा कारभार आटोपता घेऊन ते प्रभातकडे आले आणि १९३५ साली ‘धर्मात्मा’त संत एकनाथ झाले. शांतारामबापूंनी पोरवयात याच गंधर्व मंडळीत उमेदवारी केली होती. आता ते दिग्दर्शक, आणि मंडळीचे धनी त्यांच्या कॅमेऱ्यापुढे. ज्या पुरुषाने हयातभर स्त्रीभूमिकांनी महाराष्ट्राला वेड लावले, तो वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी पुरुषवेषात पडद्यावर आला, आणि प्रेक्षक गोंधळला. याची चर्चा पुष्कळ झाली आहे. परंतु मला वाटते, खरी अडचण वेषाची नव्हती, ती ‘वन्समोर’ची होती. संगीत नाटकाच्या प्रेक्षकाला एक विलक्षण अधिकार होता. पद आवडले, की तो ओरडे, आणि नाटक थांबे; कथानकातला मृत्यू, विरह, राज्याभिषेक, सगळे काही तिष्ठत राही, आणि तेच पद दुसऱ्या जागेने, वेगळ्या तानेने पुन्हा येई. दुसऱ्या वेळी पहिल्यापेक्षा निराळे येई, हीच त्यातली गोडी. अशा रीतीने एकेक प्रयोग पहाटेपर्यंत चाले. आता हाच गायक ध्वनिमुद्रकाच्या घड्याळापुढे उभा राहिला, त्याला मिनिटे मोजून देण्यात आली, आणि समोर टाळी देणारा कुणीही नव्हता. प्रभातशी जुळलेले ते नाते त्या एका चित्रानंतर संपले, यात कुणाचा दोष काढावयाचा? हजेरीवर जगणाऱ्या कलेला गैरहजेरीत राबविण्यात आले होते.

याउलट ज्यांना ही गैरहजेरी मानवली, असेही नट झाले. ‘सामना’ ज्यांनी पाहिला आहे त्यांना अधिक सांगणे नको. १९७५ च्या सुमारास आलेल्या, विजय तेंडुलकरांनी लिहिलेल्या आणि जब्बार पटेलांनी दिग्दर्शित केलेल्या त्या चित्रपटात लोकनाट्याच्या बोर्डावर वाढलेले निळू फुले आणि कान-नाक-घशाचे शल्यविशारद असलेले डॉ. श्रीराम लागू समोरासमोर उभे ठाकले, आणि दोघांनीही आवाज खाली आणला. फुल्यांचा हिंदुराव धोंडे पाटील धमकी देताना ओरडत नाही; तो ऐकून घेतो. तमाशात टाळी घेणाऱ्या माणसाला हे ऐकून घेणे कुठून साधले, हे मला आजही कोडे आहे.

जब्बार पटेलांवरून त्यांनीच बसविलेले ‘घाशीराम कोतवाल’ आठवणे क्रमप्राप्त आहे, आणि तिथे पडद्याचा एक तिसराच प्रकार भेटतो. १९७२ च्या डिसेंबरात पुण्यात प्रथम रंगलेल्या या नाटकात रंगमंचावर पडद्याऐवजी ब्राह्मणांची एक रांग उभी असते. ती डोलते, गाते, आणि प्रेक्षकांकडे पाठ फिरवून भिंत बनते, त्या भिंतीमागे जे चालले आहे ते आपल्याला दिसत नाही, आणि न दिसल्यामुळेच अधिक दिसते. रांग फुटली, की नवे स्थळ. पुन्हा जुळली, की मागचे दृश्य पुसले गेले. चित्रपटात संकलक जे काम कात्री घेऊन करतो, ते इथे माणसांच्या पाठी करीत होत्या, आणि म्हणून या नाटकास पुष्कळांनी चित्रपटासारखे गतिमान म्हटले. १९७६ साली मणी कौल, के. हरिहरन, सईद मिर्झा, कमल स्वरूप प्रभृती तरुणांनी ‘युक्त’ सहकारी संस्थेच्या वतीने त्याचा चित्रपट केला. मोहन आगाशे नाना फडणवीस, ओम पुरी घाशीराम. प्रयत्न धाडसी होता. पण झाकणे आणि उघडणे हे ज्याचे जन्मजात काम, त्या कॅमेऱ्यापुढे माणसांची भिंत आणून उभी केली, की एका कामावर दोन कारकून नेमल्यासारखे होते. जे नाटक चित्रपटासारखे भासते, त्याचा चित्रपट करणे सर्वांत अवघड, हा धडा मला त्यावरून मिळाला.

‘नटसम्राट’ची अडचण आणखी निराळी. १९७० च्या डिसेंबरात डॉ. लागूंनी कुसुमाग्रजांचा गणपतराव बेलवलकर उभा केला, तेव्हा निवृत्त झालेला एक नट नाट्यगृहातल्या खऱ्याखुऱ्या प्रेक्षकांपुढे बोलत होता. त्यामुळे तिकीट काढून आलेल्या प्रत्येक माणसाची, त्याला न विचारता, गणपतरावांचा जुना चाहता म्हणून नेमणूक होऊन जाई. वाऱ्यापावसात निवारा मागणारा तो म्हातारा आपल्याकडेच मागत आहे, आणि आपण खुर्चीत बसून राहिलो आहोत, ही टोचणी त्या स्वगताची अर्धी शक्ती होती. २०१६ च्या आरंभी आलेल्या महेश मांजरेकरांच्या चित्रपटात नाना पाटेकरांनी जीव ओतला आहे. पण पडद्यावरचा म्हातारा आपल्याला पाहूच शकत नाही, तो चित्रातल्या माणसांपुढे बोलतो आणि आपण ते दुरून ऐकतो. चित्रपटाने यावर एक उपाय शोधला. त्याने मूळ नाटकात नसलेला रामभाऊ हा मित्र निर्माण केला, म्हणजे एका नटासमोर ऐकण्यासाठी दुसरा नट बसविला. आणि तो रामभाऊ म्हणजे विक्रम गोखले. माझ्या मते त्या चित्रपटातला खरा रंगमंच या दोघांच्या बैठकीत आहे.

विक्रम गोखले यांनीच १९७७ साली जयवंत दळवींच्या ‘बॅरिस्टर’मध्ये शीर्षकभूमिका केली होती. विजया मेहता यांनी ते नाटक बसविले आणि त्यातली मावशी स्वतः केली. पुढे त्यांनीच त्याचा ‘रावसाहेब’ हा हिंदी चित्रपट १९८५ साली काढला, त्यात अनुपम खेर बॅरिस्टर झाले, आणि मावशीच्या भूमिकेबद्दल विजयाबाईंस राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. रंगमंचावर तो जुना वाडा दोन-चार खांबांत आणि उरलेला प्रेक्षकाच्या मनात होता; चित्रपटात त्याला खरी दारे, खरे कोनाडे आले, आणि अंधार मात्र थोडा कमी झाला. पण ‘बॅरिस्टर’ची तिसरी वाट आपल्याकडे सहसा कुणाला ठाऊक नसते. तो कानडीत आला, दळवींचेच ‘संध्याछाया’ही आले, आणि ते आणणारी संस्था होती ‘संकेत’, शंकर नाग व त्यांच्या सोबत्यांची.

शंकर नाग हा माणूस समजल्यावाचून जे. पी. नगरातली ही वास्तू समजत नाही. आडनाव नागरकट्टे, घरची भाषा कोकणी. शिक्षणानंतर मुंबईस आले आणि मराठी रंगभूमीत शिरले. थोरले बंधू अनंत नाग आधीच तिथे होते. मुंबईच्याच मराठी, गुजराती, हिंदी रंगभूमीवर वावरणाऱ्या अरुंधती यांची गाठ तिथेच पडली, आणि पुढे विवाह झाला. चापेकर बंधूंवरील ‘२२ जून १८९७’ या मराठी चित्रपटाच्या पटकथेत शंकर यांचा वाटा आहे. १९७८ साली गिरीश कर्नाड यांनी ‘ओंदानोंदु कालदल्लि’ या कानडी चित्रपटात त्यांना भाडोत्री योद्ध्याची भूमिका दिली, भारताच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात त्यांना उत्कृष्ट अभिनेत्याचा रौप्यमयूर मिळाला, आणि मुंबईचा तो नाटकवेडा पोरगा बघता बघता कर्नाटकाचा लोकनायक झाला. ‘ऑटो राजा’नंतर रिक्षावाल्यांनी तर त्यांना आपल्या कुळदैवतांतच जमा केले, आजही बंगळूरच्या रिक्षांवर त्यांचे चित्र दिसते, आणि चालकाचा जन्म त्यांच्या मृत्यूनंतरचा असतो. दूरदर्शनवरील ‘मालगुडी डेज’ त्यांचीच. बारा वर्षांत ऐंशीच्या वर चित्रपट केले, आणि त्या धबडग्यातून वेळ चोरून ‘संकेत’ची नाटके. ३० सप्टेंबर १९९० रोजी दावणगेऱ्याजवळ मोटार अपघातात ते गेले, तेव्हा त्यांना छत्तिसावे वर्षही पुरे झाले नव्हते.

नाटकासाठी स्वस्त आणि नेटके घर असावे, हा त्यांचा ध्यास अरुंधती नाग यांनी चौदा वर्षांनी पुरा केला. सरकारकडून मिळालेला भूखंड, ‘संकेत’चा विश्वस्त निधी, दारोदार फिरून गोळा केलेल्या देणग्या, आणि ऑक्टोबर २००४ मध्ये उघडलेले दार. सुमारे तीनशे खुर्च्या तीन बाजूंनी रंगमंचाला वेढून बसलेल्या आहेत, त्यामुळे नटाला पाठ लपविण्यास जागा नाही आणि प्रेक्षकाला जांभई लपविण्यास नाही. भाडे नाटकवाल्यांना परवडेल असे. पडद्याने रंगभूमीचे काय काय नेले, याचा हिशेब मांडणाऱ्यांनी या इमारतीची रक्कम जमेच्या बाजूस लिहावयास विसरू नये. कारण रुपेरी पडद्याने दिलेल्या कीर्तीच्या तारणावरच ती उभी आहे.

आणि या गृहाने मला जे दाखविले, ते आता सांगतो. गृह उघडल्याच्या दुसऱ्या वर्षी, २००५ मध्ये, कर्नाडांचे ‘ओडकलु बिंब’ येथे झाले. कर्नाडांचा जन्म माथेरानचा, बालपण शिरशी-धारवाडचे, मराठी प्रेक्षक त्यांना ‘उंबरठा’तील पती म्हणून ओळखतो, नाटककार, नट, दिग्दर्शक, पुण्याच्या चित्रपट संस्थेचे एके काळचे संचालक, आणि याच जे. पी. नगराचे बरीच वर्षे रहिवासी. दोन्ही कलांच्या दरबारात ज्याची वतने होती, अशा माणसाने आयुष्याच्या उत्तरार्धात एक नाटक लिहिले, ज्यात पात्र एकच आहे, नटी एकच आहे, आणि ती दोन आहे. मंजुळा नायक ही लेखिका दूरचित्रवाणीच्या स्टुडिओत आपल्या गाजलेल्या इंग्रजी कादंबरीविषयी भाषण करते, भाषण संपते, ती जाण्यास निघते, आणि मागच्या पडद्यावर तिची प्रतिमा तशीच राहते. प्रतिमा हाक मारते. मग साक्ष-पुरावा सुरू होतो. ती कादंबरी खरोखर कुणाची, पांगळ्या धाकट्या बहिणीचे काय झाले, हे प्रतिमा एकेक करून बाहेर काढते. पुढचे मी सांगणार नाही.

अरुंधती नाग यांनी ही भूमिका केली. तांत्रिक बाजू पाहा. पडद्यावरची मंजुळा आधी चित्रित झालेली. तिच्या प्रश्नांमध्ये उत्तरांसाठी मोजून मौन सोडलेले. रंगमंचावरच्या मंजुळेने त्या मौनातच आपले वाक्य बसवावयाचे. अर्धा श्वास उशीर झाला, की पडद्यावरची पुढे बोलून मोकळी होणार. प्रेक्षक हसला तर जिवंत नटी थांबू शकते, पण प्रतिमा थांबत नाही. म्हणजे हशाही घ्यावयाचा आणि वेळही गाठावयाची. प्रतिमेचा आवाज शांत, चेहरा ताजा, तिला घाम येत नाही. आणि तिच्यापुढे उभी असलेली बाई वितळत चाललेली. प्रतिमा एकदा किंचित हसते, आणि जिवंत नटी त्या हसण्याकडे अशा नजरेने पाहते, की हे हसणे पुढे काय आणणार हे ठाऊक असून तिला आज प्रथमच त्याची भीती वाटत आहे. ती दृष्टी मुद्रित करता येणार नाही. कारण पडद्यावरची प्रतिमा प्रत्येक प्रयोगात त्याच ठिकाणी तशीच हसते, पण ही भीती त्या दिवशी, त्या घटकेस, पुन्हा नव्याने वाटावी लागते. चित्रपट आणि नाटक यांच्या नात्यावरचे सर्व ग्रंथ बाजूस ठेवून मी एवढे एकच दृश्य पुराव्यादाखल दाखल करीन. जो कुणी ‘आता नाटकाची गरज काय’ असे विचारतो, त्याला या गृहातल्या खुर्चीवर नेऊन बसवावे, असे मला वाटते.

आपण बंगळूरला आलात, तर मेट्रोच्या जे. पी. नगर स्थानकावर उतरून रिक्षा करा. शंकर नाग यांचे नाव सांगितले, की चालक पत्ता विचारणार नाही. सोमवारी नाट्यगृह बंद असते. एरवी साडेसातचा प्रयोग असेल, तर सातलाच पोचा. साबुदाणावडा आधी खाऊन घ्या, कारण खाद्यपदार्थ आत नेता येत नाहीत, आणि साडेसात वाजता दार लागते.